तुंबेश्वराच्या घरची जाळी

माणसाची खरी ओळख कुठं पटते, असं विचारलं तर साधू म्हणतील संकटात, वकील म्हणतील वाटणीत, आणि तुंबेश्वर म्हणायचा, "बाथरूमच्या जाळीखाली." हे तो जेवताना म्हणायचा, आणि घरच्यांची मुख्य तक्रार तीच होती.

तुंबेश्वर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. आईबापांनी तेवढी दया दाखवली होती. धंद्यानं तो प्लंबर. नळ बसवणं, टाकी जोडणं, गळती काढणं ही कामं तोही करायचा, पण त्याचं नाव झालं ते तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यात. जिथं बाकीचे हात टेकायचे तिथं हा हात घालायचा, तोही कोपरापर्यंत. हातमोजे त्याला चालत नसत. "बोटांना दिसतं, रबराला काय दिसणार?" असं त्याचं म्हणणं. धर्म म्हणाल तर एकच पाळायचा: हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. कुणीतरी गमतीनं त्याला तुंबेश्वर म्हटलं आणि त्यानं ते नाव बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं. स्कूटरच्या डिकीवर रंगवूनही घेतलं: 'तुंबेश्वर. कुठेही, काहीही.'

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचं मुलींचं हॉस्टेल. तिथल्या रेक्टरबाईंचा फोन आला की तुंबेश्वर सळई खांद्यावर टाकून निघायचा. बाथरूमच्या जाळीखाली जो वाडग्यासारखा खोलगट भाग असतो, त्याला प्लंबर लोक ट्रॅप म्हणतात. हॉस्टेलच्या ट्रॅपमध्ये एकच माल असायचा: केस. आकड्याची सळई आत घालून पीळ दिला की केसांचा लांबच लांब दोर बाहेर यायचा. रेक्टरबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "या पोरींना केस सांभाळता येत नाहीत." आणि तुंबेश्वर तो दोर उंच धरून म्हणायचा, "सांभाळायला डोक्यावर राहिले तर पाहिजेत!"

हा विनोद मग हॉस्टेलातून चहाच्या टपरीवर जायचा, टपरीवरून घरी यायचा आणि रात्री ताटाशेजारी बसायचा. "आज अख्खी वेणी निघाली, फक्त रिबीन बांधायची बाकी होती." किंवा, "या पोरी पास झाल्या की डोक्यावर टोपी घालून फोटो काढतात ना, ती प्रथा कुणी काढली ठाऊक आहे? एका टकल्या पोरीनं." टपरीवर लोक हसून लोळायचे. घरी बायको म्हणायची, "घास तरी गिळू द्या." मुलगी मात्र पूर्वी खो खो हसायची. बापाचं बोलणं ऐकूनच ती मोठी झाली होती आणि तिची जीभही काही कमी तिखट नव्हती.

मुलगी अकरावीला होती. शाळेपासून व्हॉलीबॉल खेळायची, उंच उडी मारून जाळीपलीकडं असा फटका द्यायची की समोरच्या पोरी बाजूला व्हायच्या. या वर्षी तिनं खेळ सोडला. विचारलं तर म्हणाली, "अभ्यास आहे." जेवणाचं ताटही ती आतल्या खोलीत घेऊन जायला लागली, तेही अभ्यासासाठीच. तुंबेश्वराला याचा केवढा अभिमान! टपरीवर तो सांगायचा, "आमची पोरगी पुस्तकात तोंड घालून जेवते." ताटात निम्मं तसंच परत येतं, हे पाहायला तो स्वयंपाकघरात कधी गेलाच नाही.

इकडं घरच्या बाथरूममध्ये पाणी साचायला लागलं. बायको रोज म्हणायची, "अहो, जाळी बघा जरा." आणि तो रोज म्हणायचा, "बघतो." दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथं दिव्याखाली घोटाभर पाणी होतं. शेवटी एका रविवारी बायकोनं चहाचा कप त्याच्या समोरून उचलला. "आधी मोरी, मग चहा."

कुरकुरत तो बसला. जाळी काढली, सळई घातली, पीळ दिला. पहिल्यांदा मूठभर केस आले. त्यानं पुन्हा सळई घातली, पुन्हा मूठभर. लांब, काळे, बारीक केस. इतका माल घरच्या ट्रॅपमध्ये त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आणि सवयीचा गुलाम तो! दोर उंच धरून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "अगं, या घरात कोण टकलं होतंय? हॉस्टेल उघडलंय का आपण?"

मागं वळून पाहिलं तर दारात मुलगी उभी, हातात टॉवेल. तिनं बापाकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या दोराकडं पाहिलं, आणि वळून आत गेली. आतल्या खोलीची कडी लागली. तुंबेश्वराच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं, कारण ते आवरायचं त्याला सुचलं नव्हतं.

बायको पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली. "झालं समाधान?"

मग बायकोच्या तोंडून त्याला सगळं कळलं. गेले कितीतरी महिने पोरीचे केस गळत होते. उशीवर केस, कंगव्यात केस, वहीच्या पानांत केस. डोक्यावरचा भांग बोटभर रुंद झाला होता. तो झाकायला ती सगळे केस मागं ओढून, डोळे ताणले जातील इतकी घट्ट उंच पोनी बांधायची. खेळायला गेलं की पोनी उडते आणि भांग दिसतो, म्हणून खेळ बंद. अंघोळीत गळलेले केस ती गोळा करून जाळीतून खाली ढकलायची.

"खाली कशाला? कचऱ्याच्या डब्यात टाकायचे की," त्याच्यातला प्लंबर बोलला.

"डबा रोज कोण खाली नेतं? तुम्ही. तुम्हाला दिसतील म्हणून."

"मग दिसले असते तर काय झालं असतं? मला सांगायचं की!"

"सांगून काय?" बायको म्हणाली. "टपरीवर सांगायला गोष्टी कमी पडत होत्या का तुम्हाला?"

दुसऱ्यांच्या पोरींच्या केसांवर त्यानं इतकी वर्षं लोकांना पोट धरून हसायला लावलं, आणि स्वतःची पोरगी शेजारच्या खोलीत ते ऐकत बसली होती. तुंबेश्वराला वाईट वाटलं. अगदी लहान मुलाला वाटतं तसं, पोटातून वाईट वाटलं.

मायलेकींचे गुपचूप उपाय मात्र सगळे करून झाले होते. तेल कोमट करून चोळ चोळ चोळलं, तर आणखी गळले. अंडं फासलं. कांद्याचा रस लावला, तर वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "आज डब्यात भाजी कुणी आणलीये गं?" फोनवर जाहिरात बघून एक बाटलीही मागवली होती. तिच्यावर छापलेल्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत होते. बाटली संपली, बाईचे केस तेवढेच राहिले, पोरीचे आणखी कमी झाले.

तुंबेश्वर हात बांधून बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं ते सगळे केस साबणानं स्वच्छ धुतले, दोरीवर वाळवले आणि पारदर्शक पिशवीत भरले. कारण धंद्यातला नियमच तसा: नळातला जुना वायसर दाखवल्याशिवाय दुकानदार नवा देत नाही. कुठल्या मापाचा, कुठल्या जातीचा, हे तोंडी सांगून कळत नाही, वस्तूच समोर ठेवावी लागते. पिशवी घेऊन तो थेट त्वचेच्या डॉक्टरबाईंकडं गेला. त्यांच्या दवाखान्यातलं बेसिन त्यानंच दुरुस्त केलं होतं, म्हणून ओळख होती. नंबर आल्यावर त्यानं पिशवी टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"नमुना."

"कुणाचा?"

"मुलीचा. एवढे गळले. आता यावर काय बसतं ते द्या."

डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकानं पिशवी बाजूला सारली आणि विचारायला सुरुवात केली. मुलगी सकाळी काही खाऊन जाते का? मध्यंतरी मोठा ताप आला होता का? वजन उतरलंय का? लवकर दमते का? पाळी नियमित आहे का, जास्त जाते का? केस ओढून बांधते का? घरात आणखी कुणाचे असे गळतात का?

तुंबेश्वर प्रत्येक प्रश्नाला खाली पाहत गेला. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरून येणारा पाइप भिंतीत कुठं वळतो, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पोरगी सकाळी खाते की उपाशी जाते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"केस घेऊन आलात आणि डोकं घरी ठेवलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला घेऊन या. आणि येताना तुमचंही आणा."

घरी येऊन त्यानं मुलीच्या दाराबाहेरून सांगितलं, "आपण डॉक्टरकडं जाऊ." आतून उत्तर आलं, "मी नाही येणार." का, म्हणून विचारलं तर दार उघडलं. मुलगी उंबऱ्यात उभी राहिली, पोनी घट्ट बांधलेली, डोळे लाल.

"उद्या टपरीवर काय सांगाल ते आत्ताच सांगून टाका ना, बाबा. म्हणजे मलाही पाठ होईल."

"नाही सांगणार कुणाला."

"तुम्ही? तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

हे खरं होतं, त्यामुळं तो गप्प बसला. आणि नंतरही गप्पच राहिला. रात्री जेवताना एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोला वाटलं ताप आला, तिनं कपाळाला हात लावून पाहिला. टपरीवाल्यानं विचारलं, "आज हॉस्टेलात काय निघालं?" तर म्हणाला, "पाणी." रेक्टरबाईंनी नेहमीचं वाक्य टाकलं, "या पोरींना केस सांभाळता येत नाहीत," आणि वाट पाहिली. तुंबेश्वरानं दोर गुंडाळला, कागदात बांधला, आणि खाली मान घालून निघून गेला. रेक्टरबाईंना वाटलं माणूस आजारी आहे किंवा दुसरा प्लंबर आहे.

असे बरेच दिवस गेल्यावर मुलगी एका संध्याकाळी स्वतःहून त्याच्यापुढं येऊन बसली. "येते मी डॉक्टरकडं. पण एक अट. तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही."

त्यानं मान हलवली. तेव्हापासूनच सुरुवात, असं समजून.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मुलीची पोनी सोडायला लावली. भिंगाच्या छोट्या दिव्यानं भांग पाहिला, कपाळाजवळचे केस पाहिले. चिमटीत थोडी बट धरून हलकेच ओढली, तर चार-पाच केस सहज हातात आले. मग "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा," म्हणून त्याला घालवलं आणि मुलीशी बराच वेळ बोलत राहिल्या. बाहेर बसून तुंबेश्वरानं पंख्याची पाती मोजली, बेसिनचा नळ उगीच घट्ट केला, आणि शेवटी त्याला परत बोलावणं आलं.

"तुमच्याकडच्या बायकांचे केस कसे आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "आई, बहिणी?"

तुंबेश्वरानं मुलीकडं पाहिलं. अट म्हणजे अट. त्यानं दोन्ही हातांनी हवेत वेणी काढली, पार कमरेपर्यंत, आणि बोटांनी आपली बहीण किती उंच ते दाखवलं. मग आईसाठी कंबर वाकवली, काठी टेकल्यासारखं केलं आणि मानेमागं लिंबाएवढा अंबाडा दाखवला. तरुणपणी तो नारळाएवढा होता, हे दाखवताना टेबलावरचा पेनांचा डबा पडला.

डॉक्टरबाईंनी मुलीला हळूच विचारलं, "बाबांना बोलता येत नाही का गं?"

"येतं," मुलगी म्हणाली. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

आणि ती हसली. किती महिन्यांनी हसली! हसता हसता तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "बोला आता, बाबा. सुटलात." तुंबेश्वर पडलेली पेनं एकेक करून उचलत राहिला.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर पुन्हा गेले. थायरॉइड ठीक निघालं. शरीरात लोहाचा जो साठा असतो त्याचा मात्र जवळजवळ खडखडाट होता. पाळीत खूप रक्त जात होतं, आणि सगळ्यांचं असंच असतं असं समजून पोरीनं आईलाही सांगितलं नव्हतं. वर सकाळचं खाणं नाही, रात्रीचं निम्मं.

"रात्री का जेवत नाहीस गं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "जेवताना घरात वातावरण कसं असतं?"

"मोरीचं," मुलगी म्हणाली.

तुंबेश्वराच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्याच्या एकट्याच्या अंगात ते भरपूर होतं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. शरीराला जेव्हा चणचण भासते तेव्हा ते आधी काळजाला देतं, मेंदूला देतं. केस म्हणजे रांगेतला शेवटचा. त्याला मिळेना झालं की तो वाढायचं थांबतो आणि काही महिन्यांनी गळतो. पण मूळ जिवंत असतं. ओढून बांधल्यानं कपाळाजवळचे तुटत होते ते वेगळेच. "सगळ्याच मुलींचं कारण हेच असतं असं नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचं थायरॉइड असतं, कुणाचं हार्मोनचं काही असतं, कुणाचं घराण्यातून येतं. म्हणून आधी तपासायचं, मग औषध. बाटलीवरची बाई बघून नाही."

"म्हणजे टाकीच रिकामी," तुंबेश्वर पुटपुटला, "आणि आम्ही नळाला तेल चोळत होतो."

"साधारण तसंच. पण हे चार ठिकाणी सांगून डॉक्टरकी सुरू करू नका."

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. जास्त रक्त जाण्यावर बायकांच्या डॉक्टरकडं वेगळे उपचार. केस सैल बांधायचे, कांदा स्वयंपाकघरात ठेवायचा. आणि सगळ्यात कडू औषध म्हणजे धीर. आधी गळणं कमी होईल, मग नवे केस येतील, आरशात फरक दिसायला सहा महिने किंवा जास्तही लागतील.

आता तुंबेश्वर सकाळी स्वयंपाकघरात येऊन बसायचा. पोरीच्या ताटलीत काय पडतं आणि काय उरतं, हे पाहणं हे त्याचं नवं काम. रात्री ती पुन्हा सगळ्यांत बसून जेवायला लागली आणि तो पाण्याच्या दाबावर, पितळी नळांच्या दर्जावर असं काहीबाही बोलायचा. ऐकवत नसे, पण घास गिळता यायचा. भाजीचा शेवटचा पळीभर रस्सा तो तिच्या ताटात ढकलायचा, आणि ती "बाबा, मी टाकी नाही," म्हणून ओरडायची.

एक गोष्ट मात्र त्याला कळत नव्हती, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. केस गळायचे थांबले का? ती अंघोळ करून बाहेर आली की तो काहीतरी निमित्त काढून बाथरूममध्ये शिरायचा. जाळी नेहमी लख्ख. एक केस दिसायचा नाही. ती सगळे वेचून कागदात गुंडाळायची आणि कॉलेजला जाताना स्वतः बाहेर टाकायची. त्याच्या हातून डबा जातो, म्हणून डब्यात नाही. पोरगी हसते, बोलते, गोळी घेते, पण जाळी पुसल्याशिवाय बाहेर येत नाही. तिनं क्षमा केली होती, भरवसा ठेवला नव्हता. तुंबेश्वराला हे लख्ख दिसत होतं, आणि दुसऱ्याच्या घरातल्या जाळीखाली हात घालताना त्याला ते रोज आठवायचं.

मधेच एकदा ती आरशासमोर रडत बसली, काहीच होत नाहीये म्हणून. बायकोनं जवळ घेतलं. तुंबेश्वर दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पाइप मोकळा झाला तरी पहिल्यांदा नळातून हवाच येते. खडखड आवाज येतो नुसता. मग पाणी येतं." मुलगी रडता रडता म्हणाली, "बाबा, प्लीज." तो लगेच निघून गेला.

थंडीचे दिवस सरले. तिच्या कपाळाच्या कडेनं बोटभर लांबीचे नवे केस उभे राहायला लागले, कुठल्याही तेलाला न जुमानणारे. व्हॉलीबॉलचे बूट तिनं माळ्यावरून खाली काढले, झटकले आणि दाराशी ठेवले. तुंबेश्वरानं त्या बुटांकडं पाहायचंसुद्धा टाळलं, नजर लागेल म्हणून.

एका सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, डोक्याला टॉवेल. तो हॉस्टेलला जायच्या घाईत होता. दात घासायला बाथरूममध्ये शिरला आणि थांबला. जाळीवर केस होते. छोटं वेटोळं, बोटावर मावेल एवढं. त्याला वाटलं ती विसरली. हाक मारावी की गुपचूप उचलावं, कळेना. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"बाबा, बघितले का?"

"काय?"

"आजचे. मुद्दाम ठेवलेत." कंगव्याचा आवाज येत होता. "केस गाळण्यात हॉस्टेलवाल्या गेल्या की नाही माझ्यापुढं?"

तुंबेश्वरानं दात घासायचा ब्रश खाली ठेवला.

"हसा की. परवानगी आहे."

तो पालथ्या बादलीवर बसला. दोन बोटांनी ते वेटोळं अलगद उचललं आणि तळहातावर ठेवलं. बाहेर बायको ओरडत होती की आत झोपलात का, चहा निवतोय. तुंबेश्वरानं जन्मभर पाळलेला नियम मोडला आणि हात धुतल्याशिवायच डोळे पुसले.